छोट्या मराठी मंचासाठी नियमावली सुचवा (बजेट महिना ८०० रु.)

लोकमान्यनगरकर:
नमस्कार मंडळी. इंदूरच्या मराठी कुटुंबांसाठी भाच्याने डिस्कोर्स या सॉफ्टवेअरवर मंच उभा करून दिलाय. सदस्य साडेसहाशे, लक्ष ठेवणारे दोघंच, मी आणि वहिनी. सर्व्हर धरून महिना ८०० च्या वर जायचं नाही. मागच्या महिन्यात पार्किंगच्या वादात एकाने शेजाऱ्याच्या घरातली भानगड मांडली. पोस्ट काढली, तर हुकूमशहा मीच! काय काढायचं, काय ठेवायचं, कुणी नियम लिहिलेत का? व्हॉट्सॲप सुचवू नका, तिथूनच पळून आलोय.

राजवाडा_रिटर्न:
व्हॉट्सॲपच बरं. १०२४ जण मावतात, ॲडमिन कुणाचाही मेसेज उडवू शकतो. फुकट.

सराफा_रात्री_बारा:
भिया, टेलिग्राम घ्या. स्लो मोड लावला की माणशी तासाला एकच मेसेज. आमच्याकडचं भांडण त्यामुळे तीन दिवस चाललं, पण भाषा सुधारली. शिवी सुचेपर्यंत राग उतरतो.

सुदामानगरची:
काहीही करा, शिव्यांची गाळणी लावू नका. आमच्या बागकाम गटात मी हौसेने यादी भरली, अर्धा शब्द जुळला तरी पकडेल अशी. पहिल्याच दिवशी गांडूळखताच्या सगळ्या पोस्टी अडकल्या. एका आजोबांचा फोन, "खतात अश्लील काय आहे ते सांगा." खरे शिवराळ रोमन लिपीत लिहून सटकले ते वेगळंच.

निवृत्त_बाबू:
प्रत्येक पोस्ट तपासूनच सोडावी. ३१ वर्षं जावक टपाल असंच सोडलं, एक तक्रार नाही. दोन पगारी माणसं ठेवा. नाहीतर ॲडमिन आत जातो.

सुदामानगरची:
८०० रुपयांत दोन माणसं? आणि दुसऱ्याच्या मेसेजसाठी ॲडमिन आपोआप दोषी नाही, संगनमत दिसावं लागतं, असं नागपूर खंडपीठ २०२१ मध्येच म्हणालंय.

निवृत्त_बाबू:
नागपूर मुंबई हायकोर्टाखाली. आपलं हायकोर्ट जबलपूरचं, त्याचं खंडपीठ इंदूरला. माहिती नीट घ्यावी.

टर्मिनलवाला:
शिवाय ते प्रकरण व्हॉट्सॲप ग्रुपचं होतं, इथे सर्व्हर तुमचा. दुसऱ्यांनी लिहिलेल्यासाठी आयटी कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण आहे, पण कोर्टाचा आदेश किंवा सरकारी सूचना आली की काढावंच लागतं (श्रेया सिंघल निकाल, २०१५). तेव्हा संपर्काचा ईमेल पानावर ठेवा आणि रोज उघडा.
कामाचं सांगतो. डिस्कोर्समध्ये नवीन माणसाच्या पहिल्या दोन पोस्टींना मंजुरी लावा, पुढे त्याचा भरवसा आपोआप वाढत जातो (० ते ४ पायऱ्या आहेत, शेवटची मात्र तुम्हीच हाताने द्यायची). कुणाचा पत्ता, फोन, घरातली गोष्ट, धमकी आली की लगेच काढा. मंडळाच्या हिशोबावर टीका आली तर ती मात्र ठेवा. ती काढलीत की तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. काढलेल्याला कारण कळवा आणि दाद मागू द्या. पोस्टी काढण्याबद्दलची २०१८ ची सांता क्लारा तत्त्वं हेच सांगतात. भांडणात तुम्ही स्वतः असाल तर निर्णय वहिनींचा.

राजवाडा_रिटर्न:
एवढ्या खटपटीपेक्षा व्हॉट्सॲप.

पलासियाकर:
आमच्या गटात पोह्यांवर जिरावण घालावं की नाही यावरून तिघं बाहेर पडले. त्याला कुठला नियम?

सुदामानगरची:
जिरावणाशिवाय पोहे खाणारे आधीच बाहेर आहेत.

लोकमान्यनगरकर:
आभार. मंजुरी नको, वहिनी म्हणते नवीन माणसाला दारात उभं करायचं नाही. गाळणी नाही, टेलिग्राम नाही. जुन्या पोस्टी चाळल्या तेव्हा दिसलं, भांडणं सगळी रात्रीच्या जेवणानंतरची. तेव्हा रात्री ११ ला मी मंच फक्त वाचण्यापुरता ठेवणार, सकाळी ७ ला पुन्हा उघडणार. पत्ता, फोन आणि घरच्या गोष्टी लगेच काढू, कारणही कळवू.

टर्मिनलवाला:
रोज हाताने? विसराल.

सराफा_रात्री_बारा:
११? तेव्हा तर आम्ही जेवायला निघतो.