मदत हवी आहे: केबल काढल्यावर कर्नलमध्ये यूज-आफ्टर-फ्री, पण स्टॅकमध्ये आमचा ड्रायव्हरच नाही

नमस्कार मंडळी,

लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ड्रायव्हर लिहिणारं किंवा सांभाळणारं कुणी इथे असेल तर थोडा वेळ द्या. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं.

आमच्याकडे मोटारींची कंपनं मोजणारं एक यूएसबी यंत्र आहे. त्याचा ड्रायव्हर पूर्वी बाहेरून करून घेतलेला, आता देखभाल माझ्याकडे आहे. बोर्ड आर्म-६४ चा, कर्नल ६.६. प्रोबमध्ये (यंत्र जोडल्यावर चालणारं फंक्शन) डेव्हएम_केझेडॲलॉकने एक स्ट्रक्चर घेतलं जातं आणि त्यातच सगळं बसवलेलं आहे: सीडेव्ह (डिव्हाइस फाइलमागची कर्नलमधली नोंद), वेट क्यू (वाट पाहणाऱ्यांची यादी), एक टायमर, एक वर्क (नंतर चालवायचं काम) आणि यूआरबींचा (यूएसबीवरच्या मागण्यांचा) अँकर, म्हणजे त्यांची एकत्र यादी. यूजर-स्पेसमधला लॉगर डिव्हाइस फाइल उघडतो आणि ईपोलवर (फाइलींवरच्या घडामोडींची वाट पाहण्याची कर्नलची सोय) थांबतो.

लॉगर चालू असताना केबल काढली तर त्या क्षणी काहीच होत नाही. नंतर लॉगर बंद केला की कधी ऊप्स (कर्नलच्या गंभीर चुकीचा संदेश) येतो, कधी सगळं सुरळीत वाटतं, आणि कधी बऱ्याच वेळाने फाइल सिस्टिमच्या किंवा नेटवर्कच्या कोडमध्ये लिस्ट करप्शनची (मेमरीतल्या याद्या बिघडल्याची) तक्रार येते. त्या कोडचा आमच्याशी काही संबंध नाही. स्लब_डीबग (स्लब या मेमरी-वाटपकर्त्याची तपासणी) लावल्यावर रजिस्टरांच्या डंपमध्ये ६बी६बी६बी६बी दिसायला लागलं. फ्री केलेल्या मेमरीत स्लब हाच बाइट भरून ठेवतो, तेव्हा मेलेल्या ऑब्जेक्टला कुणीतरी हात लावतंय, म्हणजे यूज-आफ्टर-फ्री आहे, एवढं नक्की.

मग केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू करून कर्नल बांधलं. रिपोर्ट असा: स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री, _रॉ_स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह मध्ये, ४ बाइटांचं राइट, टास्क लॉगर. स्टॅक (फंक्शनांच्या कॉलची साखळी) वरून खाली: _रॉ_स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह, रिमूव्ह_वेट_क्यू, ईपी_अनरजिस्टर_पोलवेट, __ईपी_रिमूव्ह, ईव्हेंटपोल_रिलीज_फाइल, __एफपुट, आणि पुढे प्रोसेस संपण्याचा नेहमीचा मार्ग.

यात आमच्या ड्रायव्हरचं एकही फंक्शन नाही. त्यामुळे टीममध्ये दोन मतं आहेत. काहींच्या मते हा ईपोलचाच बग आहे, कर्नल बदला. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. आणखी एक धागादोरा: लॉगर पूर्वी साधा पोल वापरायचा, तेव्हा असं झाल्याचं कुणाला आठवत नाही.

माझे प्रश्न: दोष नेमका कुणाचा हे अशा रिपोर्टवरून कसं ठरवायचं? आणि कर्नलच्या कोडमध्ये वेक_अप_पोलफ्री नावाचं फंक्शन दिसलं, ते डिस्कनेक्टमध्ये (केबल निघाल्यावर चालणारं फंक्शन) बोलावलं तर पुरेल का? ठिगळ नको आहे. हा ड्रायव्हर कारखान्यांत बसवलेल्या यंत्रांवर चालतो.

प्रतिसाद १

तुम्ही रिपोर्टचा पहिलाच स्टॅक दिला आहे. केसॅन तीन देतो: चुकीचा वापर कुठे झाला, ती मेमरी कुणी घेतली होती, आणि कुणी फ्री केली. लाइफटाइमच्या बगमध्ये पहिला स्टॅक सर्वांत कमी कामाचा असतो, कारण तिथे फक्त बळी दिसतो. तिसरा टाका. आणि डीकोड_स्टॅकट्रेस स्क्रिप्टमधून काढून टाका म्हणजे ओळींचे क्रमांकही मिळतील.

धागाकर्ता

धन्यवाद. घेणाऱ्याच्या स्टॅकमध्ये डेव्हएम_केमॅलॉक आणि त्याखाली आमचा प्रोब आहे. फ्री करणाऱ्याचा असा: डेव्हरेस_रिलीज_ऑल, डिव्हाइस_अनबाइंड_क्लीनअप, डिव्हाइस_रिलीज_ड्रायव्हर_इंटर्नल, मग यूएसबी_डिस्कनेक्ट, आणि तळाशी हब_ईव्हेंट. टास्क केवर्कर (कर्नलची पार्श्वभूमीतली कामं करणारा).

प्रतिसाद २

मग ईपोल निर्दोष आहे. फ्री करणारा स्टॅक सगळं सांगतो आहे, जरा सविस्तर लिहितो.

डेव्हएम_ ने घेतलेली मेमरी ड्रायव्हर आणि डिव्हाइसची जोडणी असेपर्यंत टिकते. केबल निघाली, हबच्या वर्करने डिस्कनेक्ट बोलावलं, ते परतलं की डेव्हरेस (डेव्हएम_ ने घेतलेल्याचा हिशेब ठेवणारी यंत्रणा) सगळं फ्री करतो. फाइल कुणी उघडून ठेवली आहे का हे तो विचारत नाही, त्याला ते माहीतच नसतं. उघडी फाइल तुमच्या मॉड्यूलला धरून ठेवते, म्हणून आरएममॉड (मॉड्यूल काढण्याची आज्ञा) नकार देतं आणि आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. पण मॉड्यूलचा कोड जिवंत असणं वेगळं आणि तुमचं स्ट्रक्चर जिवंत असणं वेगळं.

आता ईपोल. तुमच्या पोल फंक्शनमधलं पोल_वेट हे ईपोलची एक नोंद तुमच्या वेट क्यूच्या यादीत ओवतं. साध्या पोलमध्ये कॉल परतला की नोंद निघून जाते. ईपोलमध्ये फाइल ईपोलच्या संचातून निघेपर्यंत किंवा बंद होईपर्यंत ती तिथेच राहते. म्हणून लॉगर बदलल्यावर बग वर आला. तो आधीही होता, फक्त फट अरुंद होती: पोलमध्ये झोपलेल्या प्रोसेसखालून केबल काढली असती तर तेव्हाही हेच झालं असतं. फाइल बंद होताना ईपोल ती नोंद काढायला जातो, त्यासाठी वेट क्यूचा स्पिनलॉक घेतो, आणि तो लॉक तुमच्या फ्री झालेल्या स्ट्रक्चरमध्ये आहे. ती जागा एव्हाना दुसऱ्या कुणाला दिली गेली असेल, तर लॉक घेणं आणि यादीतून नोंद काढणं ही दोन्ही राइट्स त्या नव्या मालकाच्या डेटावर होतात. फाइल सिस्टिममध्ये दिसलेलं करप्शन त्यातूनच आलेलं असणार.

एक गोष्ट करून पाहा. केसॅन सहसा पहिलाच रिपोर्ट देऊन गप्प होतो. बूट पॅरामीटरमध्ये केसॅन_मल्टी_शॉट द्या. __एफपुट मध्ये ईपोलची साफसफाई आधी होते आणि ड्रायव्हरचं रिलीज (फाइल बंद होताना चालणारं फंक्शन) नंतर. तुमचं रिलीजही तेच स्ट्रक्चर वापरत असेल, तेव्हा पुढचा रिपोर्ट तिथला येईल. म्हणजेच ईपोल बाजूला ठेवला तरी बग उरतोच.

वेक_अप_पोलफ्री वापरू नका. ते अशा मोजक्या जागांसाठी आहे जिथे वेट क्यूचं आयुष्य फाइलशी बांधताच येत नाही, जसं सिग्नलएफडी (सिग्नल फाइलसारखे वाचण्याची सोय) किंवा बाइंडर (अँड्रॉइडमधली प्रोसेसांमधल्या संवादाची सोय). त्यासोबत आरसीयूची (वाचणारे संपेपर्यंत मेमरी फ्री न करण्याच्या पद्धतीची) शिस्त पाळावी लागते, आणि तुमचं रिलीज तरीही मेलेला पॉइंटर वापरणारच. तुमच्याकडे वेट क्यूला फाइलइतकं आयुष्य देणं सहज शक्य आहे, तेच करा.

डेव्हएम_ काढा, साधं केझेडॲलॉक घ्या, स्ट्रक्चरमध्ये केरेफ (किती जण वापरताहेत याची मोजणी) ठेवा. प्रोबचा एक रेफरन्स, प्रत्येक ओपनचा एक. डिस्कनेक्टमध्ये म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेऊन 'यंत्र गेलं' असा फ्लॅग लावा, थांबलेल्यांना जागं करा, आणि आपला रेफरन्स सोडा. रीडने फ्लॅग पाहून ईनोडेव्ह ('यंत्र नाही' ही चूक) द्यावं, पोलने ईपोलहप आणि ईपोलएर ('जोडणी तुटली' आणि 'चूक झाली' हे संकेत). कर्नलमधला यूएसबी-स्केलेटन ड्रायव्हर वाचा, तिथे हाच सांगाडा आहे.

प्रतिसाद ३

बाइंडरचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो, कारण वरचं दुखणं किती गंभीर असू शकतं ते त्यातून कळतं. अँड्रॉइडमधला सीव्हीई-२०१९-२२१५ (सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक) हा याच जातीचा बग. आयओसीटीएलने (डिव्हाइसला आज्ञा देणाऱ्या कॉलने) बाइंडर_थ्रेड फ्री करता यायचा, पण त्यातल्या वेट क्यूवर ईपोलची नोंद तशीच राहायची. सिझकॉलरने (कर्नलमधले बग आपोआप शोधणारं साधन) तो २०१७ मध्येच पकडला होता आणि २०१८ च्या सुरुवातीला मुख्य कर्नलमध्ये दुरुस्तीही झाली. पण ती दुरुस्ती अनेक फोनांपर्यंत पोहोचली नाही, आणि २०१९ मध्ये तोच बग प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जात असल्याचं उघड झालं. तेव्हा 'केबल कोण काढतंय' म्हणून हा बग मागे टाकू नका, अशी टीमला माझी कळकळीची विनंती.

धागाकर्ता

मल्टी-शॉट लावल्यावर दुसरा रिपोर्ट खरंच आमच्या रिलीजमधला आला. टीममधला वाद मिटला, त्याबद्दल विशेष आभार.

केरेफ लावला. ईपोलचा रिपोर्ट गेला, रिलीजचाही गेला. पण आता नवा आला आहे: लॉगर बंद होताना सीडेव्ह_पुट मध्ये ८ बाइटांचं रीड, वर थेट __एफपुट. फ्री करणाऱ्या स्टॅकमध्ये या वेळी आमचंच रिलीज, त्यातून केरेफ_पुट आणि केफ्री. टास्कही तोच. मोजणी मी वहीवर मांडून तपासली: प्रोब एक, ओपन एक, डिस्कनेक्ट आणि रिलीज प्रत्येकी एक पुट (रेफरन्स सोडणं). हिशेब जुळतो आहे, तरीही मेमरी लवकर जाते आहे. स्केलेटनमध्ये हे का होत नाही?

प्रतिसाद ४

हिशेब बरोबर आहे, पण त्या स्ट्रक्चरमध्ये दोन मोजण्या आहेत आणि त्यांना एकमेकींचा पत्ता नाही. एक तुमचा केरेफ, दुसरी सीडेव्हच्या पोटातल्या केऑब्जेक्टची (कर्नलचा स्वतःची मोजणी ठेवणारा मूळ ऑब्जेक्ट).

डिव्हाइस फाइल उघडताना कर्नल सीडेव्हचा रेफरन्स घेतं. फाइल बंद होताना आधी तुमचं रिलीज चालतं आणि त्यानंतर __एफपुट सीडेव्ह_पुट बोलावतं. तुमच्या रिलीजमध्ये शेवटचा केरेफ सुटला, केफ्री झालं, आणि स्ट्रक्चरसोबत त्यातला सीडेव्हही गेला. पुढच्याच पावलाला कर्नल त्या सीडेव्हचा ओनर वाचायला जातं. तेच तुमचं ८ बाइटांचं रीड.

स्केलेटन यातून सुटतो कारण तो यूएसबी_रजिस्टर_डेव्ह वापरतो. तिथे मेजर क्रमांक (डिव्हाइस फाइल कोणत्या ड्रायव्हरची हे सांगणारा अंक) १८० चा सीडेव्ह यूएसबी कोअरचा असतो, ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये नसतो. तुमच्याकडे तो आत बसवलेला आहे, म्हणून तोच सांगाडा इथे पुरा पडत नाही.

उपाय: केरेफ काढून टाका आणि त्याच्या जागी स्ट्रक्चरमध्ये स्ट्रक्ट डिव्हाइस बसवा. डिव्हाइस_इनिशियलाइझ करा, डिव्हाइसच्या रिलीज कॉलबॅकमध्ये केफ्री ठेवा, आणि नोंदणी सीडेव्ह_डिव्हाइस_ॲड ने करा. हे फंक्शन डिव्हाइसला सीडेव्हचा पालक बनवतं. मग सीडेव्ह जिवंत असेपर्यंत पालक जिवंत राहतो, आणि सीडेव्ह उघड्या फाइलपर्यंत टिकतोच. ओपनमध्ये वेगळा रेफरन्स घ्यायचीही गरज उरत नाही. डिस्कनेक्टमध्ये सीडेव्ह_डिव्हाइस_डेल आणि मग पुट_डिव्हाइस. मात्र सीडेव्ह_डेल नंतरही आधीच उघडलेल्या फाइलींचे फाइल-ऑपरेशन्स चालू राहतात, म्हणून तो फ्लॅग आणि म्युटेक्स तसेच ठेवा.

एका ऑब्जेक्टच्या मेमरीला दोन मोजण्या दिसल्या की मी तिथेच थांबतो आणि कोणती दुसरीला धरून आहे हे शोधतो. या वर्गातले निम्मे बग मला तरी याच प्रश्नावर सापडले आहेत.

तपासणीसाठी कॉन्फिग_डीबग_केऑब्जेक्ट_रिलीज चालू करा. ते केऑब्जेक्टचं रिलीज मुद्दाम काही सेकंद पुढे ढकलतं, त्यामुळे 'पुट केलं म्हणजे लगेच गेलं' असं धरून चालणारा कोड उघडा पडतो. आणि दर वेळी केबल काढत बसू नका, सिसएफएसमधल्या (कर्नलची अंतर्गत माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी व्यवस्था) अनबाइंड फाइलमध्ये इंटरफेसचं नाव लिहिलं की डिस्कनेक्टचा तोच मार्ग चालतो. लूपमध्ये टाकता येतो.

प्रतिसाद ५

मूळ पोस्टमध्ये टायमर आणि वर्क दोन्ही आहेत हे वाचून विचारतो: टायमर वर्क लावतो आणि वर्क पुन्हा टायमर लावतं, असं आहे का?

धागाकर्ता

हो, अगदी तसंच. डेटा आला नाही तर टायमर वर्क लावतो, वर्क यूआरबी पुन्हा पाठवून टायमर परत लावतं. डिस्कनेक्टमध्ये आधी डेल_टायमर_सिंक, मग कॅन्सल_वर्क_सिंक आहे.

प्रतिसाद ५

तर तुमचा पुढचा रिपोर्ट तिथे वाट पाहतो आहे. टायमर काढला, त्याच वेळी चालू असलेल्या वर्कने तो परत लावला, मग वर्क संपलं, तुम्ही निश्चिंत झालात, आणि स्ट्रक्चर गेल्यावर टायमर वाजला. क्रम उलटा केला तरी तेच चक्र दुसऱ्या बाजूने फिरतं. याच कोंडीसाठी ६.२ मध्ये टायमर_शटडाउन_सिंक आलं. त्यानंतर कुणी टायमर लावायला गेलं तर ती विनंती मुकाट्याने दुर्लक्षिली जाते. तुमच्या ६.६ मध्ये ते आहे.

यूआरबींसाठीही तोच विचार करा. यूएसबी_किल_अँकर्ड_यूआरबीज फक्त चालू असलेल्या थांबवतं, वर्क त्या पुन्हा पाठवू शकतं. यूएसबी_पॉइझन_अँकर्ड_यूआरबीज वापरा, म्हणजे नंतर अँकर करून पाठवलेल्याही नाकारल्या जातात. क्रम असा ठेवा: फ्लॅग, पॉइझन, टायमर_शटडाउन_सिंक, कॅन्सल_वर्क_सिंक, थांबलेल्यांना जागं करणं, सीडेव्ह_डिव्हाइस_डेल, पुट_डिव्हाइस. वर्क जो म्युटेक्स घेतं तो हातात धरून कॅन्सल_वर्क_सिंक बोलावू नका. दोघं एकमेकांची वाट पाहत राहतील.

डीबग_ऑब्जेक्ट्सचे (ऑब्जेक्टचा गैरवापर पकडणारी कर्नलमधली तपासणी) टायमर, वर्क आणि फ्री हे तिन्ही पर्याय लावा. चालू टायमर असलेली मेमरी कुणी फ्री केली तर ते त्याच जागी ओरडतं, टायमर वाजेपर्यंत थांबावं लागत नाही.

धागाकर्ता

सगळं बदललं. जुन्या कोडवर डीबग_ऑब्जेक्ट्स लावून पाहिलं तेव्हा चालू टायमरसकट फ्री झाल्याचा इशारा खरोखर मिळाला, म्हणजे तो बग नुसता कागदावरचा नव्हता. नव्या कोडवर अनबाइंड-बाइंडचा लूप, सोबत ईपोलवर फाइल उघडून बंद करणारे अनेक प्रोसेस, केसॅन आणि केऑब्जेक्टचं लांबवलेलं रिलीज, असं सगळं एकत्र रात्रभर चाललं. एकही रिपोर्ट नाही.

एकच प्रश्न उरला. कारखान्यातल्या यंत्रांवर केसॅन लावता येणार नाही, मेमरीचा आठवा भाग त्याच्या शॅडोतच (त्याच्या नोंदींच्या मेमरीत) जातो आणि वेगही पडतो. तिथे काय ठेवावं?

प्रतिसाद २

केफेन्स (केसॅनसारखंच, पण नमुन्यादाखल तपासणारं हलकं साधन). कर्नल ५.१२ पासून आहे, आर्म-६४ वर चालतं. ते प्रत्येक ॲलोकेशन तपासत नाही, ठरावीक अंतराने एखादं उचलून वेगळ्या पानावर ठेवतं. मूळ सेटिंग १०० मिलिसेकंद आणि २५५ ऑब्जेक्ट्सचं आहे, ४ केबीच्या पानांवर सुमारे २ एमबी मेमरी लागते. एका यंत्रावर एखादा बग निसटेल, पण तुमची यंत्रं बरीच आहेत आणि सतत चालू असतात, त्यामुळे पकडलं जाण्याची संधी मिळत राहते. रिपोर्टमध्ये घेणारा आणि फ्री करणारा हे दोन्ही स्टॅक येतात. कर्नल लॉग यंत्रावरून परत तुमच्यापर्यंत येईल अशी सोय मात्र आधी करा.