मदत हवी आहे: दुकानातला आजारी कॉकटील पोपट घ्यावा का?

पुण्यात घराजवळच्या दुकानात एक कॉकटील आहे. छातीची पिसं उपटलेली, शेपटीखाली विष्ठा चिकटलेली, दिवसभर अंग फुगवून बसलेला. खायला नुसत्या सूर्यफुलाच्या बिया. बघवत नाही. देशी पोपट असता तर वनखात्याला कळवलं असतं, पण हा परदेशी. मालकाशी दोनदा बोललो. पाणी बदललं, बाकी "घ्यायचा तर न्या". पैसे दिले की तो दुसरा आणून ठेवणार, हेही कळतं.

घरी दोन बजी (छोटे पाळीव पोपट) आहेत. वेगळी खोली आहे, पक्ष्यांचे डॉक्टर शोधून ठेवलेत. पण आईला दमा आहे, म्हणून सिटॅकोसिसची (पक्ष्यांपासून माणसाला होणाऱ्या फुफ्फुसाच्या संसर्गाची) भीती वाटते.

असा पक्षी आणलेल्यांनी सांगा: आधी कोणत्या तपासण्या केल्या, किती दिवस वेगळा ठेवला? आणि आईचा दमा बघता आणावा का?