उमेदवार मनातून उतरलेला, चिन्ह मात्र आपलं: तुम्ही काय केलंत?

यावल तालुक्यातलं आमचं घर आजोबांपासून एकाच पक्षाचं. एका वर्षी वादळात केळीची बाग आडवी झाली, घड ऐन कापणीला आलेले. पक्षाचा एक माणूस बांधापर्यंत आला, गाडीची काच खाली केली, फोटो काढला आणि गेला. पुढे तिकीट त्यालाच. वडील म्हणाले, “पक्षाले पाह्य भाऊ, मानसाले नको पाहू.” बटण दाबलं. मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटच्या खिडकीत आपल्या मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते. फक्त चिन्हाकडे बघायचं ठरवून गेलो होतो, पण वाचलं त्याचं नावच. ते अजून सलतं. तुमचं सांगा. पक्षांची, उमेदवारांची नावं नकोत.

शिरपूर
मी नोटा दाबला, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नको’चं बटण. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३पासून हे बटण आलं. नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली की निवडणूक रद्द, असं मी धरून चाललो होतो. विधानसभा-लोकसभेला तसं नसतं. उमेदवारांत ज्याला जास्त मतं, तो निवडून येतो. कळल्यावर वाईट वाटलं. तरी पुन्हा तशी वेळ आली तर नोटाच दाबेन, घरी बसणार नाही.

धुळे
मी नावडत्यालाच मत दिलं. पक्षांतरबंदी कायदा १९८५चा. व्हीप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की आमदाराला सभागृहात पक्षाच्या बाजूनेच मत द्यावं लागतं, नाहीतर आमदारकी जाऊ शकते. मग माणसात एवढं काय बघायचं, हा माझा हिशेब. बायको म्हणाली, “अहो, सातबाऱ्याचं काम अडलं तर तिथे व्हीप येतो का? तिथे माणूसच लागतो.” मला उत्तर सुचलं नाही. तिने दुसरीकडे मत दिलं.

अमळनेर
पक्षाच्या टेबलावर दिवसभर चिठ्ठ्या लिहून दिल्या आणि आत जाऊन मत दुसऱ्याला दिलं. रात्री कार्यकर्त्यांसोबत भरीत-पुरीला बसलो, घास उतरेना. पुढच्या निवडणुकीला आधीच सांगून टाकलं, या माणसाचं काम करणार नाही.

चोपडा
तो प्रचाराला ओट्यावर आला आणि सासूबाईंच्या पायाशी वाकला. त्या म्हणाल्या, “पाया नको पडू भाऊ. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, ते बघ.” मत आम्ही दोघींनी त्यालाच दिलं, पक्षासाठी. निकालानंतर मात्र गल्लीतल्या बायका घेऊन दर महिन्याला त्याच्या दारात जाते. आता पाणी चार दिवसांनी येतं. उन्हाळा अजून यायचाय.