झुलू युद्धातले खलाशी रंगवताना कॉलरवरच्या तीन रेघा काढायच्या की नाही?

तांडेल:
एचएमएस ॲक्टिव्ह या ब्रिटिश युद्धनौकेचे बारा खलाशी आणि एक गॅटलिंग (हाताने फिरवायची मशीनगन), २८ मिमीच्या धातूच्या मूर्ती, रंगवून एकदाच्या संपवल्या. विषय नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात, दक्षिण आफ्रिकेत १८७९ च्या झुलू युद्धात ब्रिटिशांना माणसं कमी पडत होती म्हणून जहाजांवरचे खलाशी तोफा-बंदुकांसकट जमिनीवर उतरवले, त्यांना म्हणायचे नेव्हल ब्रिगेड. २२ जानेवारीला, म्हणजे इसांडलवानाला ब्रिटिशांची दाणादाण उडाली त्याच दिवशी, तिकडे न्येझाने नदीजवळ ॲक्टिव्हच्या खलाशांनी गॅटलिंग चालवली होती.

तर परवा रविवारी टेबलावर मूर्तींचा युद्धाचा गेम लावला आणि आमचा एक मित्र म्हणतो, कॉलरवरच्या तीन पांढऱ्या रेघांसाठी चार संध्याकाळी घालवल्यास, टेबलावरून तर काय घंटा दिसत नाही. डोकंच फिरलं. दिसत नाही म्हणून काढायचं नाही असं असेल तर ऐतिहासिक म्हणून मिरवता कशाला, ऑर्क (कल्पित राक्षस) रंगवा की, त्यांच्या कॉलरी कोण मोजतंय. आपल्याकडे सर्रास चालतं हे. क्रिमियन युद्धातले १८५४ चे खलाशी एकसारख्या कडक युनिफॉर्ममध्ये रंगवलेले मी स्वतः बघितलेत, अरे पण रॉयल नेव्हीच्या साध्या खलाशाला ठरलेला युनिफॉर्मच मिळाला १८५७ मध्ये! त्याआधी कॅप्टनच्या मनाला येईल ते. हार्लेक्विन नावाच्या जहाजाच्या कप्तानाने तर आपल्या होडीवाल्यांना खरोखर विदूषकाचे कपडे चढवले होते.

माझं मत, जे माहितीये ते रंगवायचंच. बोला.

कोरडा ब्रश:
बोलतो. हिशोब करूया. कॉलरवरची खरी फीत अर्धा सेंटिमीटरही रुंद नव्हती. २८ मिमीची मूर्ती म्हणजे माणसाचा साधारण साठावा भाग, भागून बघ, मिलिमीटरचा दहावा हिस्सासुद्धा येत नाही. तुझा ट्रिपल झिरोचा बारीक ब्रश कितीही टोकदार असू दे, तुझी रेघ त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड येणार. आणि अशा तीन! म्हणजे त्या बिचाऱ्याच्या कॉलरवर तू फीत नाही, लेंग्याची नाडी शिवलीयस. आता सांग यात अचूक काय आहे?

रंगाचंही तेच. खरा नेव्ही ब्लू जसाच्या तसा लाव, दोन हातांवरून काळा ठोकळा दिसतो. मी डार्क प्रशियन ब्लूवर राखाडी मिसळून दोन हायलाइट देतो, कागदावर चूक आहे पण डोळ्याला निळं सर्ज (लोकरी कापड) वाटतं. शिवाय त्या काळचे फोटो कृष्णधवल, आणि आफ्रिकेच्या उन्हात दोन महिने फिरलेला शर्ट कुठल्या निळ्यावर उतरला असेल ते तुला कोण सांगणार?

तांडेल:
जाड येते हे मान्य. पण जाड रेघ आणि नसलेली रेघ यात फरक आहे ना भाऊ. आणि उन्हात उडालेला रंग हाही अचूकपणाच झाला, मी कुठे म्हटलं धुवून इस्त्री केलेले रंगवा. माझ्या बाराही जणांच्या गुडघ्यापर्यंत चिखल आहे.

नवखा_पुणे:
त्या तीन रेघा ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनच्या तीन विजयांच्या ना? नाइल, कोपनहेगन, ट्राफल्गार. मग तर काढायलाच पाहिजेत, मान म्हणून.

तांडेल:
नाही रे, ही गोड गोष्ट आहे नुसती. १८५७ ला नियम करताना तीन ठरल्या इतकंच. गळ्यातला काळा रेशमी रुमाल नेल्सनच्या सुतकाचा म्हणतात तेही असंच, खलाशी तो ट्राफल्गारच्या आधीपासून वापरत होते.

मालवणी मेवा:
हे सगळं ठीक पण आपल्या कान्होजींचं आरमार सोडून गोऱ्यांच्या कॉलरीवर कसली भांडणं करताय राव.

गलबत:
@मालवणी मेवा, आंग्र्यांचे खलाशी करायला हात शिवशिवतात पण त्यांच्या कपड्यांची जहाजवार नोंद मला काढून दे, उद्या सुरू करतो. आणि गोऱ्यांच्या या मोहिमांमध्ये आपला संबंध नाही असं समजू नकोस. १८६८ ची ॲबिसिनियाची मोहीम मुंबईहून निघाली, मुंबईची फौज, बरोबर ४४ हत्ती, आणि मागदाला किल्ल्याच्या पायथ्याशी रॉकेटं सोडत होते ते हेच नेव्हल ब्रिगेडवाले. हत्ती आणि खलाशी एका टेबलावर, कुणीतरी करा यार.

आता @तांडेल. फोटो झूम करून बघितले, काम झकास आहे, वाद नाही. पण दोन गोष्टी खटकल्या आणि तू अचूकपणाचा झेंडा घेऊन आलायस म्हणून बोलतो.

एक, समोरचे झुलू. साठ मूर्ती, सगळ्यांना एकच तपकिरी स्प्रे, वरून पातळ रंगाचा एक वॉश, आणि ढाली मनाला येतील तशा. खलाशाच्या कॉलरला चार संध्याकाळी आणि झुलूंच्या अख्ख्या इंपीला, म्हणजे फौजेला, एक दुपार? त्यांच्याही रेजिमेंटा होत्या, वयाप्रमाणे. लग्न झालेल्यांच्या डोक्यावर केसांत गुंफून मेणाने चकाकवलेली काळी कडी असायची, इसिकोको. उथुल्वानासारख्या प्रौढांच्या पथकाला ती पाहिजे, इंगोबामाखोसीच्या विशीतल्या पोरांना नको. १८७९ पर्यंत ढालींच्या रंगांचा नियम बराच सैल झाला होता म्हणून तिथे तुला सूट, पण कडीला नाही. काळा एक ठिपका आणि वर बारीक चमक, एका मूर्तीला दहा सेकंद.

दोन, तुझे बाराही खलाशी गुलाबी. ॲक्टिव्ह पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही फिरायची, तिच्यावर क्रूमेन होते, तिकडचे दर्यावर्दी, आणि ब्रिगेडबरोबर ते झुलूलँडमध्ये उतरले होते. हजेरीपटावर इंग्रज त्यांची नावं काय लिहायचे माहितीये? ‘बॉटल ऑफ बीअर’, ‘सी ब्रीझ’ असली. आणि क्रू माणसाची खूण म्हणजे कपाळाच्या मधून नाकाकडे उतरणारी गोंदवलेली निळसर रेघ. तीन पांढऱ्या रेघांसाठी मित्राशी भांडलास, ही एक निळी राहिली की.

कोरडा ब्रश:
आई शप्पथ 😂 गेला तांडेल.

तांडेल:
हसू नका. क्रूमेन माहीत होते मला, पण सेटमध्ये तसे चेहरे आलेच नाहीत.

गलबत:
सेटमध्ये नाही ही सबब झाली. लखनौला १८५७ मध्ये शॅनन जहाजाची तोफ शेवटपर्यंत चालवून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा विल्यम हॉल नोव्हा स्कोशियाचा कृष्णवर्णीय खलाशी होता, त्यालाही लोक गुलाबीच रंगवून मोकळे होतात कारण सेटमध्ये सगळे सारखे. ‘जे माहितीये ते रंगवायचंच’ हे तुझंच वाक्य आहे ना?

कोरडा ब्रश:
आता मी उलटा तांडेलच्या बाजूने. गलबत, तुझा मुद्दा पटला पण त्याने माझंच म्हणणं सिद्ध होतं बघ. त्वचेचा रंग, डोक्यावरची कडी, हे टेबलावरून दिसतं. कॉलरच्या रेघा दिसत नाहीत. वेळ मोजकाच आहे तर दिसणाऱ्या खऱ्या गोष्टींवर घालवा, मग उरला तर नाड्या शिवा.

गलबत:
कपाळावरची रेघ पण दिसणार नाहीये टेबलावरून. ती तरी काढायची की नाही?

कोरडा ब्रश:
…काढायची. गप बस.

नवखा_पुणे:
मधेच विचारतो, प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) पावसाळ्यात कसा मारता? माझा गॅलरीत मारला तर मूर्तीवर साखर पेरल्यासारखा खरखरीत झाला.

तांडेल:
जून ते सप्टेंबर स्प्रेला हात लावू नकोस, हवेतल्या दमटपणाने होतं ते. ब्रशने लावायचा प्रायमर घे.

आणि गलबत, तू जिंकलास असं मी म्हणणार नाही, रेघा राहणारच. पण दोन खलाशी आणि दहा झुलू काल रात्री बरणीत डेटॉलमध्ये बुडवून ठेवलेत, रंग सुटला की पुन्हा बेसपासून. सकाळी बायको विचारत होती घराचा दवाखाना का झालाय. ती निळी रेघ बरोबर मधोमध असते का जरा तिरकी, तेवढं सांग.