मदत हवी आहे: अंमली पदार्थांच्या भावाची सरासरी मध्यकाच्या तिप्पट का येते?

आकडेमोड्या: पोलिसांनी ग्राहक बनून केलेल्या खरेदीच्या नोंदी आहेत: रक्कम, वजन, प्रयोगशाळेत निघालेली शुद्धता. प्रत्येक नोंदीत रक्कम ÷ (वजन × शुद्धता) करून शुद्ध ग्रॅमचा भाव काढला. शुद्धता शून्य असलेल्या नोंदी वगळल्या. तरी सरासरी मध्यकाच्या (म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या भावाच्या) तिप्पट! शिवाय आयातीचा भाव चढला तर किरकोळ भाव किती चढेल, हे कसं मांडायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

तराजू: शून्याच्या नोंदी वगळल्यात, तिथेच पहिली चूक. गिऱ्हाईक पैसे मोजतं तेव्हा पुडीत काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. भाव ठरतो अपेक्षित शुद्धतेवर, फसवणुकीची शक्यता धरूनच.

दोन पुड्या घ्या, दोन्ही १ ग्रॅम, दोन्ही १०० ला. एक ५०% शुद्ध, दुसरी ५%. तुमच्या रीतीने भाव २०० आणि २०००, सरासरी ११००. प्रत्यक्षात दोन्हींचे मिळून २०० मोजून ०.५५ ग्रॅम शुद्ध माल मिळाला, म्हणजे शुद्ध ग्रॅमला साधारण ३६४. त्यामुळे आधी शुद्धतेचं रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणारं गणित) वजन, शहर आणि तिमाही यांवर चालवा, शून्यं ठेवूनच. त्यातून येणारी अंदाजित शुद्धता भागाकारात वापरा.

वजनाचंही बघा. रकमेचा लॉग (लॉगरिदम) घेऊन वजनाच्या लॉगवर रिग्रेशन केलं की गुणक १ पेक्षा कमी येतो, कारण घाऊक घेणाऱ्याला सूट असते. ०.७५ आला समजा: दहापट माल साधारण ५.६ पट पैशात, म्हणजे ग्रॅममागे ४४% स्वस्त. पाव ग्रॅम आणि अर्धा किलो एकाच सरासरीत टाकले तर तो आकडा कुठल्याच बाजाराचा नसतो. (बातम्यांतला ‘इतक्या कोटींचा माल जप्त’ बहुधा असाच बनतो: वजन गोदामाचं, भाव गल्लीतला.)

शेष_बाकी: आयातीबद्दल. पीटर रॉयटर आणि मार्क क्लेमन या अंमली पदार्थ धोरणाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलं की किमतीत मोठा वाटा जोखमीच्या मोबदल्याचा असतो: तुरुंग, हिंसा, जप्ती. ती जोखीम मालाच्या भावावर अवलंबून नसेल, तर वाढ फक्त बेरजेने पुढे सरकते. आयात २० ची ३० झाली, तर किरकोळ १५० चे १६०. प्रत्येक टप्प्यावर टक्केवारीने नफा चढत असेल तर १५० चे २२५. दोन्ही मॉडेलं चालवून पाहा. खरं उत्तर बऱ्याचदा मधे कुठेतरी असतं.

आकडेमोड्या: धन्यवाद! पण काही तिमाह्यांत पुडीचा भाव जराही हलत नाही. तिथे टंचाई नव्हती असं धरू का?

तराजू: मुळीच नको. पुडी ठरलेल्या रकमेलाच विकली जाते. टंचाईत तिचं वजन किंवा शुद्धता घटते. अमेरिकेत १९९५ मध्ये मेथॲम्फेटामिन या उत्तेजक अंमली पदार्थाच्या कच्च्या रसायनांचा पुरवठा तुटला, तेव्हा भाव चढलाच, पण शुद्धताही कोसळली. चार-एक महिन्यांत भाव पूर्वपदावर आला, शुद्धतेला मात्र कितीतरी जास्त वेळ लागला. म्हणून शुद्धतेचा आलेख वेगळा काढा, आणि वार्षिक सरासरीऐवजी महिनेवार. असा धक्का वर्षाच्या सरासरीत विरून जातो.