सल्ला हवा: वाचनालयाच्या पुस्तकसूचीसाठी कोणती जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्यावी?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी हौसेने सांभाळते. पीएचपीत (सर्व्हरवर पानं तयार करणारी भाषा) आहे, साध्या शेअर्ड होस्टिंगवर. सूचीत चारेक हजार पुस्तकं. नाव टाइप करता करता यादी गाळली जावी आणि पुस्तक हजर आहे की बाहेर गेलंय ते पान रिलोड न होता दिसावं, एवढंच हवंय. भाचा म्हणतो, सगळं रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत नव्याने लिही. मला एचटीएमएल-सीएसएस बरं येतं, जावास्क्रिप्ट कामापुरतं. सभासदांचे फोन जुने आहेत. मागे एकदा पैसे देऊन साइट करून घेतली होती. करणारा निघून गेला आणि कुणालाच तिला हात लावता येईना. ते पुन्हा नको. ओपन सोर्सच हवं.

सह्यवारा
जेक्वेरी ही जुनी लायब्ररी घ्या ताई. २००६ पासून आहे, अडलात तर उत्तर लगेच सापडतं.

गोदाकाठ
जेक्वेरीवर माझंही पोट भरलंय, पण ती जन्मली तेव्हा प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी होती. ती दरी भरून काढणं हे तिचं मोठं काम. आज त्यातलं बरंच ब्राउझर स्वतःच करतो.

ताई, तुमचं पान सर्व्हरवर तयार होतंच आहे, ते मोडू नका. एचटीएमएक्स ही छोटी लायब्ररी बघा. शोधाच्या चौकटीला दोन-तीन ॲट्रिब्यूट लावायचे: विनंती कुठे पाठवायची, टाइप करणं थांबल्यावर किती वेळाने, आणि आलेलं उत्तर पानावर कुठे बसवायचं. तुमच्या पीएचपीने यादीचा तेवढाच तुकडा एचटीएमएल म्हणून परत द्यायचा. वेळ ३०० ते ५०० मिलिसेकंद ठेवा, नाहीतर प्रत्येक अक्षराला सर्व्हरवर फेरी होईल. मेनू उघडणं-मिटणं अशा बारीक कामांना अल्पाइन ही दुसरी छोटी लायब्ररी पुरे. दोन्हींना बिल्डची पायरी (कोड आधी साधनांतून तयार करून घेणं) लागत नाही. एकेक फाइल जोडली की झालं.

अल्पाइन वापरलंत तर एक्स-क्लोक (अल्पाइन तयार होईपर्यंत भाग लपवणारं ॲट्रिब्यूट) विसरू नका, त्यासाठी सीएसएसमध्ये एक ओळही लागते. नाहीतर मंद नेटवर लपवलेला मेनू आधी क्षणभर उघडा दिसतो आणि मग गायब होतो.

चिंचेचा पार
भाचा चुकीचं सांगत नाही. रिॲक्ट २०१७ पासून एमआयटी या ओपन सोर्स परवान्यावर आहे, स्क्रीनवर बरंच काही एकदम बदलत असेल तिथे ते शोभतं. पण तुमच्यानंतर साइट सांभाळणाऱ्याला नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि पॅकेजेसचा संसार मांडावा लागेल. मधला मार्ग म्हणजे व्ह्यू हा रिॲक्टसारखाच दुसरा पर्याय: तोही बिल्डशिवाय थेट पानावर चालतो. फक्त जुने धडे वाचताना सांभाळा, व्ह्यू २ चा आधार ३१ डिसेंबर २०२३ ला संपलाय.

काहीही घेतलंत तरी फाइल स्वतःच्या होस्टिंगवर ठेवा. २०२४ च्या जूनमध्ये पॉलिफिल डॉट आयओ या जुन्या ब्राउझरसाठी कोड पुरवणाऱ्या पत्त्यावरून लाखभर साइट्सना घातक कोड गेला. त्या साइट्सनी केलं एवढंच होतं की परक्या पत्त्यावरची फाइल जोडली होती.

पिंपळपान
मनापासून आभार. रविवारी एचटीएमएक्स बसवलं, दुपारपर्यंत शोध चालूही झाला. पण एक कोडं आहे. ‘दुसऱ्या’ टाइप केलं तर काही पुस्तकं येतात, काही नाहीत. दिसायला अक्षर अगदी सारखंच!

गोदाकाठ
हा आपल्या ‘ऱ्या’चा खास त्रास. तो दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकात नुक्ता असलेला ऱ, त्याला हलन्त आणि या. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचा न दिसणारा जोडक आणि या. डोळ्यांना एकच, संगणकाला दोन. कुठला कीबोर्ड काय उमटवतो त्यावर आहे. कुठलीही लायब्ररी घेतली असती तरी हे अडलंच असतं.

पुस्तकाचं मूळ नाव तसंच राहू द्या. शोधासाठी वेगळा कॉलम करा. तो भरताना र, हलन्त आणि जोडक असा क्रम दिसला की तिथे ऱ आणि हलन्त घाला. सभासदाने टाइप केलेल्या शब्दालाही तोच नियम लावा. एका बाजूला लावून भागणार नाही.

पिंपळपान
केलं. ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्या’, ‘वाऱ्या’ तिन्ही शोधून पाहिले, सगळी पुस्तकं आली. एचटीएमएक्स आणि अल्पाइन, दोन्ही फाइली आमच्याच फोल्डरमध्ये ठेवल्यात, नावात आवृत्तीचा आकडा घालून. आणि हा ‘ऱ्या’चा नियम कोडच्या वर मराठीत लिहून ठेवलाय, पुढे जो कुणी हे काम घेईल त्याच्यासाठी.