वारंवारता, कंप्रता, तरंगलांबी: नेमका वापर कसा?

– शाळेच्या पुस्तकात ‘वारंवारिता’, विश्वकोशात ‘कंप्रता’, वर्तमानपत्रात ‘वारंवारता’ आणि बोलताना सगळ्यांचीच फ्रिक्वेन्सी. यात अर्थाचा फरक आहे का? आणि ‘तरंगलांबी (लाटेच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर) वाढली की वारंवारता घटते’ हे सरसकट लिहिलं तर चालेल?

– वारंवारता कशाचीही असते. एसटीच्या फेऱ्यांची असते, संख्याशास्त्राच्या सारणीतही असते. कंप्रता फक्त कंपनाची: सेकंदाला किती कंपनं, ती हर्ट्झमध्ये मोजतात. जीभ अडखळते खरी, पण विज्ञानावर लिहिताना मी तोच शब्द घेतो.

– सरसकट नको, ‘माध्यम तेच असेल तर’ एवढं जोडा. वेग = कंप्रता × तरंगलांबी. वेग ठरलेला असला की एक वाढल्यावर दुसरी घटणारच. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झ. जुने निवेदक मीटरही, म्हणजे तरंगलांबीही सांगत, तो आकडा ५३७ च्या आसपास. दोन्हींचा गुणाकार करा, तीन लाखांच्या अगदी जवळ येतो. सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचाच वेग.

– आणि माध्यम बदललं तर?

– कंप्रता उगमाकडून येते, ती तशीच राहते. वेग माध्यम ठरवतं. राहिली तरंगलांबी, तिला जुळवून घ्यावं लागतं. पेटीची मधल्या सप्तकातली काळी एक घ्या, साधारण २७७ हर्ट्झ. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर तरंगलांबी सव्वा मीटर भरते. तोच स्वर पाण्यात सेकंदाला सुमारे १४८० मीटरने जातो, तरंगलांबी सव्वापाच मीटरच्या पुढे. स्वर मात्र काळी एकच.

प्रकाशाचं उलट, तो पाण्यात मंदावतो. हवेतला ६५० नॅनोमीटरचा लाल पाण्यात ४८९ चा होतो. हवेत एवढी तरंगलांबी निळसर प्रकाशाची असते! तरी बुडी मारलेल्या माणसाला तो लालच दिसतो, कारण कंप्रता बदललेली नसते.

– मग ‘लाल रंगाची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर’ हे चूक म्हणायचं?

– चूक नाही, त्यात निर्वात किंवा हवा गृहीत असते. लेखात एकदा तसं सांगून टाकावं, दर वेळी नको. मला जास्त खटकतं ते ‘उंच आवाज’ आणि ‘मोठा आवाज’ यांची सरमिसळ. उंची कंप्रतेची, मोठेपणा आयामाचा, म्हणजे कंपन किती जोरदार त्याचा. टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून निवेदिकेची पट्टी चढत नाही.